पितळेची चार टर्मिनलं

दिवाळी झाली आणि आमच्या सेलूतल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं भंगार निघालं. भंगारवाला माझ्या रोजच्या व्यवहारातला. जळक्या मोटारींचं तांबं मी त्यालाच घालतो. सकाळी त्याचा फोन आला. "भाऊ, घड्याळावानी कायतरी हाय. आत तांब्याची चकती हाय, तिला दोन नाल लावल्यात. फोडायच्या आधी बघून जाता का?"

रिवायंडिंगला घेतलेली साडेसात हॉर्सपॉवरची सबमर्सिबल मोटार तशीच उघडी टाकून मी निघालो.

विजेचं जुनं मीटर होतं ते. काळ्या रंगाचं लोखंडी खोकं, पुढून काच. काचेच्या आत वरच्या बाजूला ओळीनं घड्याळाच्या डायली, मनगटी घड्याळाहूनही लहान. मधोमध जाड तांब्याच्या पट्टीची दोन गोल वेटोळी समोरासमोर, आणि त्यांच्या मधल्या जागेत मोसंबीएवढं आर्मेचर, म्हणजे मोटारीतला फिरणारा भाग, केसाएवढ्या बारीक तारेनं गुंडाळलेलं. आर्मेचरच्या आत लोखंड नाही, म्हणून ते फुंकर मारली तरी हलतं. आर्मेचरच्या दांड्यावर पेन्सिलीएवढा कम्युटेटर, म्हणजे फिरत्या तारेला करंट पोचवणारा गोल, आणि त्याला टेकलेले दोन ब्रश, गव्हाच्या काडीसारखे. खाली चकती, आणि ती दोन नालाच्या चुंबकांच्या जबड्यातून फिरणारी. नावाची पट्टी गंजून गेली होती. डायलीच्या पांढऱ्या पत्र्यावर '110' आणि '10' एवढंच वाचता येत होतं. 110 व्होल्ट, 10 अँपिअर. तांब्या-पितळेच्या वजनाचे पैसे मोजले आणि मांडीवर घेऊन ऑटोनं दुकानात आणलं, कारण दांड्याच्या खालच्या टोकाला खडा असतो आणि धक्क्यानं तो फुटतो.

फिरत्या चकतीचं डी.सी.चं, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचं, मीटर आयुष्यात पहिल्यांदाच हातात आलं होतं. तीस वर्षं मी हे काम करतो. आपल्या घरांतली जुनी चकतीची मीटरं ए.सी.ची, त्यांत ब्रश नसतात, कम्युटेटर नसतो, चकती नुसत्या कॉइलींच्या जोरावर फिरते. हे मात्र सरळ सरळ एक छोटी मोटार होती. ही रचना ईलायू थॉमसन यांची, 1889 सालची. जन्म इंग्लंडात मँचेस्टरचा, लहानपणीच अमेरिकेत गेलेले. त्यांच्या मीटरची कल्पना इतकी साधी आणि इतकी देखणी आहे की मला ती समजली त्या रात्री झोप लागली नाही. बाहेरच्या जाड कॉइलींतून गिऱ्हाइकाचा सगळा करंट जातो. आतल्या आर्मेचरला, मध्ये एक मोठा रेझिस्टन्स घालून, लाइनचा व्होल्टेज मिळतो. म्हणजे फिरवणारा जोर करंट गुणिले व्होल्टेज एवढा, वॅट जेवढे तेवढा. आणि चकती चुंबकांमधून फिरते तेव्हा तिच्यात भोवऱ्यासारखे करंट उठून तिला मागं ओढतात. जितकी जोरात फिरेल तितकी जास्त ओढ. जोर आणि ओढ यांची गाठ पडते तिथं वेग ठरतो. वॅट दुप्पट, तर फेरे दुप्पट. वरच्या डायली फक्त फेरे मोजतात.

पण हे सगळं पुस्तकातलं. माझ्यापुढं खोक्याच्या बुडाशी पितळेची चार टर्मिनलं होती, एका ओळीत, आणि ती कशाला जोडायची हे सांगणारा कागद नव्हता.

माझे उस्ताद असते तर त्यांनी आधी पक्कड हातातून काढून घेतली असती. त्यांचं दुकान परभणीत होतं. तरुणपणी त्यांनी रेल्वेच्या डब्यांखालचे डायनामो दुरुस्त केलेले, पट्ट्यानं फिरणारे, 24 व्होल्टचे. विजेला ते शेवटपर्यंत 'बर्की' म्हणत. मी अठरा वर्षांचा, आय.टी.आय.चा दाखला खिशात घेऊन त्यांच्याकडे लागलो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यापुढं दोन तारा टाकल्या आणि विचारलं, यातली प्लस कोणती? मी टेस्टर शोधायला लागलो. त्यांनी पेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं, दोन्ही टोकं त्यात बुडवली. एका टोकाला बुडबुड्यांची दाट माळ लागली. "ये मायनस," ते म्हणाले. मग बटाटा मागवला, मधोमध कापला, त्यात तांब्याच्या दोन्ही तारा खोचल्या. थोड्या वेळात एका तारेभोवती बटाटा हिरवा पडला. "और ये प्लस. मिटर झूठ बोलेगा, बटाटा नै बोलेगा." त्यांचं रोजचं वाक्य मात्र दुसरंच होतं. कुठल्याही तारेला हात लावण्याआधी ते ती बोटानं दाखवत आणि विचारत, "करंट आता किधर से, जाता किधर कू?" उत्तर देता आलं नाही तर त्या दिवशी कनेक्शन करायचं नाही, नुसतं बघायचं.

उस्ताद जाऊन आता बारा वर्षं झाली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि नुसतं बघत बसलो.

टर्मिनलांना डावीकडून 1, 2, 3, 4 नंबर दिले. मल्टिमीटर लावला. 1 आणि 2 मध्ये शून्य. म्हणजे जाड कॉइल यांच्यामध्ये. 3 आणि 4 मध्येही शून्य, पण तिथं कॉइल नव्हती, सरळ पितळी पट्टी. दुसरी तार या पट्टीतून नुसती आरपार जाते. आणि डावीकडून उजवीकडे, 1 ते 3, मोजलं तर 2420 ओम. हा आर्मेचरचा रस्ता: मागच्या बाजूचा रेझिस्टन्स, जाड कॉइलीशेजारी ठेवलेली एक छोटी कॉइल, मग ब्रश, आर्मेचर, आणि शेवटी पट्टी. ती छोटी कॉइल घर्षणावर मात करायला असते. एकच दिवा लावलेला असताना चकतीला हलायचं बळ पुरत नाही. ती कॉइल तेवढाच हात देते. जास्त हात दिला तर मात्र सगळे दिवे बंद असतानाही चकती रांगत राहते आणि गिऱ्हाइकाला न वापरलेल्या विजेचे पैसे पडतात.

आता खरा प्रश्न. आर्मेचरची बारीक तार 1 ला जोडलेली आहे की 2 ला? मल्टिमीटरला काही सांगता येत नाही, कारण 1 आणि 2 मधली जाड कॉइल त्याच्या लेखी शून्यच. पण या एका जागेवर कुणाचे पैसे कुणाच्या खात्यात जातात ते ठरतं.

हिशेब करून बघा. 110 व्होल्ट, 2420 ओम. मीटरचं आर्मेचर स्वतःच 5 वॅट खातं, दिवस-रात्र, घरात कुणी असो नसो. महिन्याला 3.6 युनिट. बारीक तार जर लाइनच्या बाजूला, म्हणजे करंट कॉइलीच्या अलीकडे जोडली असेल, तर हे 5 वॅट कॉइलीतून जातच नाहीत; ते वीज देणाऱ्याच्या अंगावर. तीच तार कॉइलीच्या पलीकडे, लोडच्या बाजूला असेल, तर मीटर स्वतःचं खाणंही गिऱ्हाइकाच्या नावावर लिहितं. तेव्हाच्या एखाद्या दुकानदाराकडे चार दिवे असणार. त्याच्या बिलात 3.6 युनिट म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हती.

मी बॅटरी आणि भिंग घेऊन त्या तारेचा माग काढत बसलो. रेशमाचं वेष्टण होतं, एकेकाळी हिरवं असावं. रेझिस्टन्सपासून निघून ती चिनी मातीच्या ठोकळ्यामागं जात होती आणि तिथं धुळीत, सरकीच्या तुसात दिसेनाशी होत होती. जिनिंगमधली धूळ साधी नसते. तेलकट असते, चिकटते. दाढीच्या ब्रशनं, पेट्रोल न वापरता, हळूहळू साफ केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तार दिसली. टर्मिनल 1 च्या मुळाशी, एका बारीक स्क्रूखाली. तर 1 म्हणजे लाइन, 2 म्हणजे लोड. बनवणाऱ्यानं मीटरचं खाणं गिऱ्हाइकावर टाकलं नव्हतं. मला उगाच फार बरं वाटलं.

इथं थोडं थांबून या मीटरच्या भावंडांविषयी सांगतो, कारण जोडणीची खरी गंमत त्यांच्याकडे पाहिल्यावर कळते.

न्यूयॉर्कात पर्ल स्ट्रीटचं पॉवर हाउस 4 सप्टेंबर 1882 ला सुरू झालं, तिथं एडिसननं जे मीटर वापरलं त्यात फिरणारं काहीच नव्हतं. काचेच्या बरण्या, त्यांत झिंक सल्फेटचं पाणी आणि जस्ताच्या पट्ट्या. गिऱ्हाइकाचा जवळजवळ सगळा करंट एका रुंद पट्टीतून, म्हणजे शंटमधून, सरळ निघून जायचा. त्याचा अगदी बारीक हिस्सा बरणीतून वळवलेला असायचा. एक अँपिअर तासभर गेला की एका पट्टीवरचं 1.22 ग्रॅम जस्त सुटून दुसरीवर बसतं. महिन्याच्या महिन्याला माणूस यायचा, पट्ट्या घेऊन जायचा, तराजूत तोलायचा आणि बिल काढायचा. थंडीत पाणी गोठू नये म्हणून खोक्यात एक दिवा ठेवलेला असे. हिशेब चोख, पण गिऱ्हाइकाला स्वतःच्या मीटरमध्ये डोकावून काहीही वाचता येत नव्हतं. मला ते पटत नाही. माप ज्याचं त्याला दिसलं पाहिजे. बाजार समितीत आपण काट्यासमोर उभं राहतोच ना!

इंग्लंडात ब्रायटनच्या आर्थर राइट यांनी त्यावर तोड काढली. जस्ताच्या जागी पारा. करंटबरोबर पाऱ्याचे थेंब सुटून खालच्या नळीत पडत, नळीला युनिटांच्या खुणा, गिऱ्हाइकानं उभ्या उभ्या वाचावं. नळी भरली की ती कलती करायची, पारा परत वर. हे मीटर उलटं जोडलं तर पारा भलत्याच टोकाला जमणार आणि नळी रिकामीच राहणार. त्यामुळं जोडणाऱ्याला प्लस-मायनस आधी शोधावंच लागे. मिठाच्या पाण्याचा पेला तिथंही असणारच.

तिसरा प्रकार पाऱ्यातल्या चकतीचा, फेरांटी यांनी 1880 च्या दशकात पुढं आणलेला. तांब्याची चकती पाऱ्यात बुडालेली, वरखाली कायमचं चुंबक, आणि करंट चकतीतूनच जातो. ब्रश नाहीत, घर्षण कमी. पण त्यात व्होल्टेजची कॉइलच नाही! ते मीटर फक्त अँपिअर-तास मोजतं, आणि डायलीवर युनिट छापलेले असतात ते ठरलेला व्होल्टेज धरून. समजा डायलीवर 220 छापलंय आणि तारेच्या टोकाच्या घरात 190 च पोचतात. दिवे मिणमिणणार, आणि बिल मात्र 220 चं. आमच्याकडे रब्बीत सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्यावर व्होल्टेजचं काय होतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला हा अन्याय समजावून सांगावा लागणार नाही. थॉमसन यांच्या मीटरमधली ती केसाएवढी तार म्हणूनच मला मोलाची वाटते. ती व्होल्टेजची साक्ष काढते. (पाऱ्याचं जुनं मीटर कुणाला भंगारात सापडलं तर कृपा करून उघडू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते.)

बर्लिनचे हर्मान आरोन यांनी तर दोन लंबकांचं घड्याळ केलं. करंटनं एक लंबक पुढं जातो, एक मागं राहतो, आणि दोघांतल्या फरकावर युनिट. ते कधी प्रत्यक्ष बघायला मिळालं तर मी कामधंदा सोडून जाईन.

आणि तीन तारांची जोडणी. दोन बाहेरच्या तारा, मधली न्यूट्रल. बाहेरून बाहेर 440, मधल्याला धरून 220. यानं तांबं निम्म्याहून कमी लागतं, म्हणून शहरांत हीच पद्धत होती. मीटरमध्ये मग दोन जाड कॉइली, प्रत्येक बाहेरच्या तारेत एक. त्यातली एक उलटी जोडली गेली तर दोघी एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात. दोन्ही बाजूंना सारखा लोड असला की चकती जागची हलत नाही, घर लख्ख उजळलेलं असलं तरी.

हे लिहिताना मला माझीच एक गोष्ट सांगावी लागणार आहे. ती मी घरातही फारशी बोललेलो नाही.

मागच्या वर्षी जवळच्या एका गावातल्या अभ्यासिकेत मी सोलरचं काम केलं. पत्र्यावर पॅनल, खाली 48 व्होल्टची बँक, 12 व्होल्टच्या 150 अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या ओळीनं. पोरं तिथं रात्री दोन-दोनपर्यंत बसतात. कुणी पोलीस भरतीचं, कुणी एम.पी.एस.सी.चं. बॅटरीत किती शिल्लक आहे ते दिसावं म्हणून मी भिंतीवर एक डी.सी. मीटर लावलं, शंटवालं. एडिसनचाच शंट तो, फक्त बरणीच्या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किट. पूर्ण करंट गेला की पट्टीवर 75 मिलिव्होल्ट पडतात, मीटर तेवढे वाचतं. नियम एकच: बॅटरीच्या मायनसवरून एकच केबल निघावी, ती शंटच्या एका टोकाला, आणि चार्जर असो, इन्व्हर्टर असो, बाकी सगळ्यांचे मायनस शंटच्या दुसऱ्या टोकाला. बॅटरीच्या खांबावर थेट काहीही नको.

इन्व्हर्टरची जाड मायनस केबल आखूड होती. ती शंटपर्यंत पोचत नव्हती. नवी केबल उद्या आणू म्हणून ती मी तात्पुरती बॅटरीच्या खांबालाच आवळली. संध्याकाळ झाली होती, पोरं दारात उभी होती, दिवे लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती केबल तशीच राहिली.

म्हणजे काय झालं, तर दिवसा पॅनलचा करंट आत येताना शंटमधून यायचा आणि मोजला जायचा. रात्री इन्व्हर्टर जे ओढायचा ते शंटला वळसा घालून बाहेर जायचं. मीटरला फक्त येणं दिसत होतं, जाणं दिसतच नव्हतं. भिंतीवर कायम 100 टक्के. पोरांनी विश्वासानं पंखेही चालवले. चार महिन्यांनी, परीक्षा आठ दिवसांवर आलेली असताना, एका रात्री दहा वाजता सगळं बंद पडलं. मी सकाळी गेलो तेव्हा दोन बॅटऱ्या गेलेल्या होत्या. रोज तळाला जाऊन जाऊन प्लेटींवर सल्फेट घट्ट बसलेलं. मीटरवर तेव्हाही 100 टक्केच होते. एक पोरगा मोबाइलच्या उजेडात वही धरून बसला होता. तो मला म्हणाला, "काका, मीटर तर फुल्ल दाखवायलंय."

दोन बॅटऱ्या मी माझ्या पैशानं आणून बसवल्या, केबल बदलली. पैशाचं काही नाही. पण त्या पोराचं ते वाक्य मला अजून ऐकू येतं. मीटरनं त्याला खोटं सांगितलं नव्हतं. त्याला जेवढं दाखवलं तेवढंच त्यानं मोजलं. अर्धी वीज त्याच्यापासून मी लपवली होती. 'आता किधर से' बघितलं आणि 'जाता किधर कू' बघायचं राहिलं. उस्तादांकडे असतो तर त्या दिवशी कनेक्शन करायला मिळालं नसतं.

म्हणून हे जिनिंगचं मीटर मी घाईनं जोडलं नाही.

बॅटऱ्या दुकानात होत्याच. 12 च्या 9 ओळीनं जोडल्या, 111 व्होल्ट आले. लोड म्हणून हीटरची जुनी कॉइल, 53 ओमची. डी.सी.च्या 110 ला कुणी हलकं समजू नये. तार सुटली तर ठिणगी ए.सी.सारखी आपोआप विझत नाही, ओढली जाते, म्हणून मध्ये फ्यूज आणि दणकट स्विच. प्लस 1 ला, 2 मधून कॉइल, कॉइलीचं दुसरं टोक 4 ला, 3 वरून बॅटरीचा मायनस. स्विच दाबला.

चकती क्षणभर थरथरली. मग निघाली. डावीकडून उजवीकडे, संथ, आवाज न करता, काठावरची काळी खूण दर फेऱ्याला समोर येत. कम्युटेटरवर कुठं ठिणगी नाही. माझा मुलगा बारावीला आहे, तोही शेजारी येऊन गप्प उभा राहिला.

मग 1 आणि 2 च्या तारा अदलाबदल करून पाहिल्या. चकती उलटी फिरली, युनिट मागं जायला लागले. परत सरळ केलं आणि या वेळी बॅटरीचे प्लस-मायनसच बदलले. मुलगा म्हणाला, आता पण उलटं फिरणार. नाही फिरलं. सरळच फिरलं, कारण जाड कॉइल आणि आर्मेचर, दोघांतलाही करंट एकदम उलटा झाला आणि जोराची दिशा तीच राहिली. पाऱ्यातल्या चकतीच्या मीटरमध्ये असं होणार नाही; तिथलं चुंबक कायमचं, ते कशाला दिशा बदलेल! तरी या मीटरलाही थोडा फरक पडतोच. त्यात लोखंड नसल्यामुळं त्याचं स्वतःचं चुंबकत्व मवाळ आहे, आणि पृथ्वीचं किंवा शेजारच्या तारेचं चुंबकत्व त्यात लुडबुड करतं. बॅटरीची जाड तार मी वेटोळं करून मीटरला अगदी टेकवली, तर चकतीचा वेग डोळ्याला कळेल इतका बदलला. अशा मीटरपासून जाड तारा आणि लोखंडी खांब लांब का ठेवायचे, ते तेव्हा पटलं.

चार तास चालवलं. मल्टिमीटरच्या हिशेबानं साधारण दोनशे तीस वॅट, म्हणजे 0.92 युनिटच्या आसपास. सगळ्यात लहान डायलीचा काटा नऊ खुणांच्या जरा अलीकडे थांबला, साधारण 0.87. पाच टक्के सुस्त. खडा झिजला असेल, ब्रश कोरडे पडले असतील. चुंबकं आतल्या बाजूला थोडी सरकवली असती तर ओढ कमी होऊन ते बरोबर चाललं असतं. पण चुंबकाच्या स्क्रूवर शिशाचं सील आहे, तारेसकट, अजून शाबूत. ते तोडायला माझा हात झाला नाही.

राहिलं एक कार्ड. मीटरच्या झाकणाला आतून चिकटवलेलं, पिवळं पडलेलं, पेन्सिलीनं उर्दूत काहीतरी लिहिलेलं. मला उर्दू येत नाही. जिनिंगच्या एका म्हाताऱ्या मुनीमजींना भेटलो. ते म्हणाले, कापसात कंदील नको म्हणून मालकानं ऑइल इंजिन आणि डायनामो बसवला होता, तो त्यांच्या वडिलांच्या वेळचा. रात्री सरकी काढणारे रेचे चालायचे, आणि त्याच इंजिनावरून रस्त्यापलीकडच्या काही दुकानांनाही दिवे दिले होते. पैसे निजामाच्या हाली रुपयांत. कार्ड मात्र त्यांनाही वाचता आलं नाही, नजर गेलीय.

उस्तादांची नात परभणीला उर्दू शाळेत शिकवते. गेल्या रविवारी मीटर घेऊन तिच्याकडे गेलो. चहा झाला. तिनं चष्मा लावला आणि बोट ठेवून ठेवून वाचायला लागली. "आजर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी... चाचा, ये तो निजामवाले फसली महिने हैं." प्रत्येक महिन्यापुढं आकडा. आजर ते फरवर्दी आकडे वाढत जातात, म्हणजे आपल्या दसऱ्यापासून होळीपर्यंत. मग एकदम पुढच्या आजरपर्यंत काही नाही. हंगाम संपला की इंजिन बंद, दुकानात परत कंदील. एका महिन्यातून दुसरा वजा केला तर सगळ्यात जास्त युनिट बहमनमध्ये, 14.

मग तिनं कार्ड उजेडात तिरकं धरलं. खालच्या कडेला, बरोबर टर्मिनलांच्या वर, दोन शब्द होते, इतके पुसट की मला ते डाग वाटले होते. एक टर्मिनल 1 च्या वर, एक 2 च्या वर. तिनं ते वाचले.

"इंजन," ती म्हणाली. "और ये... दुकान."